साहेबांच्या स्लॅबवर पत्रा: कोकणातली अधिकारी निवासस्थानं

पडवीतला (धागाकर्ता)

मे महिन्यात एका जिल्ह्याच्या गावी जाणं झालं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माझा एक फेरफार तिथे अजून अडकलाय.

तिथे गट अ अधिकाऱ्यांसाठी नवी इमारत झालीय. चार मजली, सपाट स्लॅब, सरकत्या काचांच्या खिडक्या, बाल्कनी असून नसल्यासारखी. पनवेलला उभी केली तरी कुणाला वेगळी वाटणार नाही. अजून दोनच पावसाळे पाहिलेत तिने, आणि गच्चीवर लोखंडी खांब रोवून निळा पत्रा चढलाय. पश्चिमेच्या भिंतीवर वरून खालपर्यंत काळी ओल. वॉचमनला विचारलं, किती घरं भरलीत? तो म्हणाला, "नावावर सगळी. माणसं तीन घरात."

तिथून शंभर पावलांवर जुना प्रांत बंगला, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याचं घर. जांभ्याच्या चिऱ्याचा, कौलारू, तिन्ही बाजूंनी पडवी. त्याला कुलूप, आणि दारावर कसलीशी नोटीस. निर्लेखनाचा, म्हणजे सरकारी यादीतून काढून पाडून टाकायचा, प्रस्ताव गेलाय म्हणे.

मी त्या बंगल्यात पाच वर्षं राहिलोय. वडील महसुलात होते, प्रांत म्हणूनच निवृत्त झाले. तो बंगला स्वर्ग होता असं अजिबात नाही. जून लागला की चपलांना बुरशी, पापडांना बुरशी, वडिलांच्या फायलींच्या पुठ्ठ्यांना बुरशी. आई ओले कपडे स्वयंपाकघरात चुलीवरच्या दोरीवर घालायची आणि आम्ही धुराच्या वासाचे शर्ट घालून शाळेत जायचो. एका खोलीत दोन बालद्या कायमच्या. पण कौल फुटलं की गडी शिडी लावायचा, कौल बदलायचा, अर्ध्या तासात गळती बंद. झडीच्या बाजूच्या पडवीला मे अखेरीस झापं बांधायची, ती दिवाळीआधी सुटायची. भिंतीला पाऊस थेट लागायचाच नाही.

अंगणात हापूसचं झाड होतं. झाड आमच्या दारात, आंबे सरकारचे! दरवर्षी बांधकाम खात्याचा लिलाव व्हायचा आणि घेणारा येऊन आमच्या डोळ्यांदेखत पेट्या भरायचा. खाली पडलेले तेवढे आमचे. वडील लिलावात बोली लावायचे नाहीत, ते त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. आईला ते तत्त्व कधीच पटलं नाही.

तर प्रश्न असा: दरवर्षी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो अशा ठिकाणी सपाट गच्चीचं घर कोण मंजूर करतं? आणि साहेब लोक त्यात राहत नसतील तर ते बांधतो कोणासाठी?

खाडीपलीकडे

फोटो?

पडवीतला

सरकारी निवासस्थानांचे फोटो टाकत नाही. बालद्यांचे असते तर टाकले असते.

ओळंबा

मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालोय, त्यातली बरीच वर्षं कोकणात. धाग्यातले टोमणे अंगाला लागले, म्हणून लिहितो.

निवासस्थानाचा नकाशा जिल्ह्यात जन्माला येत नाही. कुठल्या वेतनश्रेणीला किती क्षेत्रफळ ते ठरलेलं, त्याचे नमुना नकाशे ठरलेले. तो नकाशा नागपूरला चालतो, सोलापूरला चालतो, म्हणून वेंगुर्ल्यालाही चालवायचा. उतरतं छप्पर धरलं की अंदाजपत्रक वाढतं, वर बसलेला माणूस विचारतो, ही बाब कशाला? तुम्ही ती बाब काढता. दोन वर्षांनी तीच बाब 'दुरुस्ती' या शीर्षाखाली पत्रा होऊन परत येते. तेव्हा कोणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट काँक्रीटची. आयएस 456 या संहितेत समुद्रकाठची उघडी बांधकामं 'तीव्र' वातावरणाच्या गटात येतात. म्हणजे काँक्रीट किमान एम-30 ताकदीचं आणि सळीवर 45 मिलिमीटरचं कव्हर, म्हणजे सळी झाकणारा काँक्रीटचा थर. घाटावर साध्या घराला 20 मिलिमीटरवर भागतं, आणि मिस्त्रीचा हात त्याच 20 वर बसलेला असतो. खाऱ्या हवेतला क्षार काँक्रीटमधून आत झिरपतो, सळीला पोचला की ती गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, मग स्लॅबच्या खालचा थर फुगून पडतो. त्यात खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर क्षार बाहेरून यायची गरजच नाही, तो पहिल्या दिवसापासून घरातच बसलेला असतो. चिऱ्याच्या भिंतीत सळीच नाही, मग गंजणार काय? तुमचा बंगला उभा राहण्याचं अर्धं कारण हे.

तिसरं, दुरुस्तीचा पैसा. तो मार्चअखेर येतो. निविदा, मंजुरी, कार्यादेश होईपर्यंत मे उजाडतो, ठेकेदाराचे कामगार तोवर गावी गेलेले असतात, आणि जूनमध्ये पाऊस. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसात होत नाही, मग ते ऑक्टोबरवर. ऑक्टोबरमध्ये गळत नसतं, म्हणून निधी दुसरीकडे वळतो.

खाडीपलीकडे

ओळंबाकाका, शेवटची ओळ फ्रेम करून लावतो.

बदलीचं_बिऱ्हाड

नवरा राज्य सेवेत. अठरा वर्षांत अकरा घरं झाली, त्यातली पाच कोकणात. कागदावर बदलीचा काळ तीन वर्षांचा, 2005 चा कायदाच आहे तसा. आमच्या वाट्याला तीन वर्षं दोनदाच आली.

बाहेरच्यांना वाटतं सगळ्या साहेबांना बंगले मिळतात. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्हा परिषदेचे सीईओ यांच्या पदाला घर बांधलेलं असतं, त्यांची चिंता नाही. त्यांच्या खालची जी रांग आहे, उपजिल्हाधिकारी, कृषी, आरोग्य, बांधकाम, ती सगळी अर्ज करून वाट बघते. घर मिळालं की ताबा पावतीवर सही करायची: पंखे 4, ट्यूब 6, गीझर 1. प्रत्यक्षात पंखे तीन आणि गीझरच्या जागी दोन वायरी. पहिल्या वेळी मी भांडले. आता मी माझे पंखे बरोबर नेते आणि निघताना काढूनही नेते. पुढच्या बिऱ्हाडाने माझ्या नावाने बोटं मोडली असतील.

पडद्यांचं सांगू? अकरा घरांच्या खिडक्यांची अकरा मापं. माझ्याकडे एक ट्रंक भरून पडदे आहेत, एकही आत्ताच्या घराला बसत नाही.

पण कौलांचं एवढं गोड वाटून घेऊ नका. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आम्ही रायगडात कौलारू क्वार्टरमध्ये होतो. दुपारी कौलं पत्त्यांसारखी उडायला लागली. नवरा नियंत्रण कक्षात, मी दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन न्हाणीघरात, कारण तेवढ्याच भागावर स्लॅब होता. त्या चार बाय सहाच्या स्लॅबखाली आम्ही चार तास काढले. नंतर कौलं मिळेनात, ताडपत्री मिळेना, त्यात टाळेबंदी. त्या दिवसापासून मला सपाट स्लॅब कुरूप वाटत नाही.

पडवीतला

हे वाचून गप्प झालो. माझ्या आठवणीतलं सगळं वादळाच्या आधीचं आहे, खरंय.

गजालीवालो

ओ पडवीतले, तुमी प्रांताच्या बंगल्याची गजाल करतास. आमच्या गावात ग्रामसेवकाक रवाक खोली बांधलेली आसा, ग्रामसेवक नाय. खोलयेत पंचायतीच्यो मोडक्यो खुर्चयो आणि गणपतीचो मखर. तो मुख्यालयात रवता म्हणान ग्रामसभेत ठराव मात्र होता. हात वर करणाऱ्यांत मी पण आसय, खोटा कशाक बोलू. माणूस बरो आसा, कामा करता, उगाच तेचो घरभाडो कशाक बुडवायचो?

टक्केवारी

घरभाड्याचा विषय निघालाच आहे तर हिशेब मांडतो. सातव्या वेतन आयोगात शहरांचे एक्स, वाय, झेड असे गट. केंद्रात सुरुवात 24, 16 आणि 8 टक्क्यांनी झाली, महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यावर ते 30, 20 आणि 10 झाले. आपली कोकणातली गावं झेड. गट अ ची सुरुवात 56,100 मूळ वेतनाने धरली तर मुंबईत भत्ता 16,830 आणि इथे 5,610. सरकारी घर घेतलं की हा भत्ता बंद.

आता गंमत बघा. मुंबईत क्वार्टरसाठी रांग लागते, कारण 16,830 मध्ये मंत्रालयाजवळ न्हाणीघरही मिळणार नाही. म्हणून यशोधन, सुरुची, सुनीती असल्या इमारतींतलं घर म्हणजे तिकडे अर्धी बढती. इकडे सोडायचे फक्त 5,610, तरी माणूस क्वार्टर नाकारतो आणि बाजारपेठेत खासगी फ्लॅट भाड्याने घेतो. एवढ्या स्वस्तात मिळणारं घर जो नको म्हणतो, त्याने त्या घराची तपासणी करून अहवाल दिलाय असं समजा.

बदलीचं_बिऱ्हाड

अहवालात एक वाक्य माझंही घाला. बाजारपेठेत शेजारी असतात. वसाहतीत सगळे एकाच ऑफिसचे. नवऱ्याची त्याच्या साहेबाशी वाजली की माझी मॅडमशी वाजल्यातच जमा. हळदीकुंकवाला कुणाला आधी बोलवायचं तेही पदानुसार.

ओरोसवासी

वसाहतीच्या एकटेपणाबद्दल आम्हाला विचारा. 1 मे 1981 ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. सावंतवाडी होती, मालवण होतं, कुडाळ, कणकवली होती. पण मुख्यालय कुठल्याच जुन्या गावात न करता मधल्या ओरोसच्या माळावर नवीन नगरी वसवायची ठरली. तालुक्यांची आपसातली ओढाताण मिटवायला ते ठीकच होतं. इमारती झाल्या, रुंद रस्ते झाले, क्वार्टर्स झाल्या, सिंधुदुर्ग नावाचं रेल्वे स्टेशनही झालं.

गाव मात्र व्हायचं राहिलं. कचेरी सुटली की कुडाळ-कणकवलीच्या गाड्या भरतात. शुक्रवारी संध्याकाळी तर अख्खी नगरी बॅग घेऊन उभी असते. मासळी घ्यायला दुसऱ्या गावी जायचं असेल तर कोकणात कोण राहील? मोठ्या साहेबांना शिपाई आणून देतो, मधल्यांनी काय करायचं? वसाहत आखताना नकाशात क्रीडांगण होतं, उद्यान होतं. मासळी बाजार नव्हता.

गजालीवालो

ह्या एक नंबर बोललास.

राजधानी_एक्स्प्रेस

मूळची गुहागरची, सध्या दिल्लीत. इथलं उलटं चित्र सांगते. नवी मोतीबाग ही सचिव, सहसचिव दर्जाच्या लोकांची वसाहत, एनबीसीसी या सरकारी कंपनीने बांधलेली. आत शिरलं की दिल्ली संपते: रुंद रस्ते, झाडं, पहारा, सगळं जागेवर. नळाला पाणी येतं का हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही. पूर्व किडवाईनगरही त्याच कंपनीने जुनं पाडून नव्याने उभं केलं.

पुढचा डाव मोठा होता. 2016 च्या जुलैत मंत्रिमंडळाने सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर धरून सात जुन्या वसाहतींचा पुनर्विकास मंजूर केला. 12,970 घरांच्या जागी सुमारे 25,667. सरकारने खिशातून पैसे घालायचे नाहीत, नौरोजीनगरसारख्या मोक्याच्या जागी व्यापारी इमारती बांधून विकायच्या आणि त्या पैशात घरं उभी करायची. 2018 मध्ये हजारो झाडं तोडायची वेळ आली तेव्हा लोक रस्त्यावर येऊन झाडांना मिठ्या मारू लागले आणि उच्च न्यायालयाने तोड थांबवली. तोवर त्या घरांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. म्हणजे साहेबांची घरं कशी हा प्रश्न शेजाऱ्यांना पडत नाही, त्यांच्यासाठी काय कापलं हा पडतो.

पडवीतला

हे 'जागा विका आणि घर बांधा' कोकणात आलंय की. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला. मुख्यालयाच्या इमारती सिडकोने बांधल्या, त्याच्या मोबदल्यात सरकारी जमीन सिडकोला विकासासाठी मिळाली. 2021 च्या ऑगस्टमध्ये उद्घाटन झालं. सात वर्षांत संकुल उभं राहिलं, हे सरकारी वेगाने वाईट नाही, मान्य.

मला भीती वेगळ्याची वाटते. जुने बंगले आहेत कुठे, तर अलिबागला, मालवणला, रत्नागिरीला, गावाच्या सगळ्यात चांगल्या जागी. समोर समुद्र, मागे माड. वांद्र्याच्या शासकीय वसाहतीत आता उच्च न्यायालयाची नवी इमारत येतेय, 23 सप्टेंबर 2024 ला पायाभरणी झाली. ते निदान सार्वजनिक काम आहे. आमच्या प्रांत बंगल्याच्या जागेवर उद्या काय येईल?

खाडीपलीकडे

आदर्श येईल :)

टक्केवारी

गल्लत नको. कुलाब्याची आदर्श ही सहकारी गृहनिर्माण संस्था, 31 मजल्यांची. क्वार्टर म्हणजे पदाचं घर, बदली झाली की सोडायचं. आदर्शमध्ये घर मालकीचं होणार होतं, म्हणून तर एवढी झुंबड उडाली. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाडायचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. क्वार्टरच्या गळतीवर कुणी असा खटला लढवलेला ऐकलाय का? जे आपलं होणार नाही त्यासाठी कोण भांडेल?

ओळंबा

पडवीतले, समुद्राला अगदी लागून असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, आडवं येईल. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत त्याचा अंमल. पण शहरी हद्दीत, आधीपासून रस्ता आणि इमारती असतील तर रस्त्याच्या जमिनीकडच्या बाजूला बांधता येतं. तेव्हा त्यावर फार विसंबू नका.

चौसोपी

अवांतर: रत्नागिरीत सरकारी निवासस्थानाची सगळ्यात लांब प्रतीक्षा कुणी केली? थिबा राजाने. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा 1886 मध्ये इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवला. राजवाडा पूर्ण झाला 1910 ला. मधली चोवीस वर्षं सरकारने दिलेल्या बंगल्यांत काढली. वाडा मिळाला आणि सहा वर्षांत, 1916 ला, राजा गेला. ताबा पावतीवर पंखे किती लिहिले होते कोण जाणे.

बदलीचं_बिऱ्हाड

निदान त्याची बदली तरी होत नव्हती.

माडाचं_पान

एक पाहिलेली गोष्ट सांगते, गाव विचारू नका. आमच्याकडे एका खात्याचा जुना बंगला पाडला. सामानाचा लिलाव झाला: सागवानी तुळया, खांब, चिरे, कौलं. गावातल्याच एकाने सगळं उचललं आणि समुद्राकडच्या बागेत तसंच्या तसं घर उभं केलं, वर कौलं, आत माळा, पडवीत झोपाळा. होमस्टे जोरात चालतो. आणि दौऱ्यावर येणारे साहेब? विश्रामगृह गळतं म्हणून तिथेच उतरतात. ज्या दारातून पूर्वीचे साहेब फुकट आत शिरायचे, त्याच दारातून आताचे पैसे भरून शिरतात. दार तेच आहे, कडी पितळेची, मी लहानपणी वाजवलीय ती.

खाडीपलीकडे

दर काय आहे हो एका रात्रीचा?

माडाचं_पान

सीझनला तुमच्या घरभाडे भत्त्यात एक रात्र होईल. नाश्त्याला घावणे.

ओळंबा

बदलीचं बिऱ्हाड यांनी न्हाणीघराचं लिहिलं ते दोन दिवस डोक्यात आहे. वादळात कौलं उडतात ती बहुतेक वळचणीकडून. वारा खालून शिरतो आणि उचलतो. कडेच्या दोन-तीन ओळी तारेने रिपांना बांधल्या तर पुष्कळ वाचतात. पण घर बांधणारा मिस्त्री ते करतो, खात्याच्या मोजमाप पुस्तकात 'कौल बांधणे' ही बाब नसेल तर ठेकेदार करणार नाही. खरा उपाय दोन्ही एकत्र: खाली स्लॅब, वर उतरती कौलं, बाहेर किमान चार फूट पडवी. वादळात स्लॅब माणसं वाचवतो, पावसात कौल स्लॅब वाचवतं. खासगी घरं हल्ली अशीच बांधतात, गावात फिरून बघा. सरकारलाच तेवढं उशिरा कळतंय.

आणि कबूल करायचं तर, पत्र्याच्या अशा एका फायलीवर माझीही सही आहे. मी टिपणी लिहिली होती की कौलांचं छप्पर घ्यावं. फाईल 'फेरसादर करा' म्हणून परत आली. जून दहा दिवसांवर होता, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई रोज फोन करत होत्या. पत्रा लिहिला आणि पाठवली. आठ दिवसांत मंजूर झाली.

ओरोसवासी

पत्र्याने गळती थांबली का पण?

ओळंबा

गळती थांबली. आवाज सुरू झाला. पाऊस लागला की डॉक्टरीणबाईंना फोनवर पेशंटचं बोलणं ऐकू येईना. मग त्याही बाजारपेठेत राहायला गेल्या.

पडवीतला

काल फेरफाराच्या कामाला परत गेलो होतो. (नाही झाला.) जाता जाता बंगल्याच्या फाटकाशी थांबलो. वॉचमनने ओळखलं, आत सोडलं. पडवीचे वासे वाळवीने गेलेत, पण चिरा जसाच्या तसा. ज्या खोलीत बालद्या असायच्या तिथे जमिनीवर दोन गोल डाग आहेत अजून. नव्या इमारतीचा उरलेला निळा पत्रा पडवीत रचून ठेवलाय, भिजू नये म्हणून.

गजालीवालो

आणि झाड? आंबे कोण काढता आता?

पडवीतला

झाड आहे. लिलावाची नोटीस यंदाही फाटकावर लागली होती, कोणी बोलीच लावली नाही. वॉचमन म्हणाला, वानरांनी घेतला.